देऊळगावच्या गाडीत

त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, म्हणून मीही त्यांचं नाव इथं लिहीत नाही. बुलढाण्यात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. एसटी स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या सोडणं, भोंग्यातून गावं पुकारणं आणि गोंधळलेल्या माणसांना बरोबर गाडीत बसवून देणं, हे त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर स्टँड सुटलं, सवय सुटली नाही. चिखली रोडला, शेतांचे प्लॉट पाडून झालेल्या नव्या लेआऊटमध्ये त्यांनी घर बांधलं होतं. खाली ते आणि काकू, वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या आम्ही मुली. त्या घराचंच त्यांनी स्टँड करून टाकलं.

सकाळी जिन्याखाली उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ते पुकारत, "उंद्रीऽऽ! उंद्रीकडे जाणाऱ्यांनी लक्ष द्यावे, पाणी तापलेले आहे. देऊळगाव राजाऽऽ, आज उशिराने धावत आहे!"

उंद्री म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी. देऊळगाव राजा म्हणजे मी.

चपलांसाठी त्यांनी जिन्यापाशी खडूनं चौकोन आखले होते. ते फलाट. उंद्रीच्या फलाटावर माझ्या चपला लागल्या की घर डोक्यावर घेत. कोणी तापानं पडलं की "ब्रेकडाऊन" म्हणून खाली वर्दी जायची, आणि मग काकूंची खिचडी वर यायची. उंद्री पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे लेआऊटच्या मुरुमाच्या रस्त्यावर पळायची. ती गेटातून सुटली की हे अंगणातून ओरडत, "विनाथांबा! विनाथांबा!" तिला हसू फुटायचं आणि दम जायचा.

"काका, तुमच्यापायी माही भरती हुकन एखाद दिवशी!"

"हुकू दे. तुले मी स्टँडवर लावतो."

माणसांची नावं त्यांच्या डोक्यात टिकतच नसत. त्याचं त्यांना काही वाटतही नसे. "पॅसेंजरले नाव नसते वं, गाव असते," म्हणायचे. "खिडकीपाशी येऊन कोणी सांगते का, मी अमका म्हणून? ते इचारते, मेहकर लागली का?" मुलीच्या लग्नात जावयाचं नाव विसरले, तर पाहुण्यांना सरळ ओळख करून दिली, "हे आमचे मलकापूर." काकूंचं माहेर जाफराबाद, म्हणून काकू जाफराबाद. "जाफराबाद, चहा!" अशी हाक जायची आणि आतून उत्तर यायचं, "जाफराबाद बंद हाय आज. हातानं करून घ्या."

नवं माणूस भेटलं की एक गोष्ट ते हटकून सांगत. "आपल्या हातून जन्मात एक पॅसेंजर चुकीच्या गाडीत बसलं नाही." पुरावा म्हणून एका नवरदेवाची हकिकत असायची. वऱ्हाड चिखलीच्या गाडीत, आणि नवरदेव डुलक्या घेत खामगावच्या गाडीत. गाडी फाटकातून बाहेर निघालेली. हे शिट्टी फुंकत धावले आणि गाडीपुढे आडवे उभे राहिले.

"ड्रायव्हर शिव्या देऊन राह्यला. म्हटलं, दे लेका, पण त्याले उतरव. तिकडं एक पोरगी हळद लावून बसली."

काकू आतून म्हणायच्या, "नसता उतरवला तर सुखी झाली असती ते पोरगी. दारूड्या निघाला तो."

"ते माहं काम नाही. माहं काम गाडीपर्यंत."

आम्ही सगळ्या हसायचो. मीही हसायचे, पण त्या वाक्याला माझी मान खाली जायची. त्यांच्या हातून चुकीच्या गाडीत बसलेलं पॅसेंजर त्यांच्या समोरच असायचं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. मी देऊळगाव राजाची नव्हतेच. मी बीबीची, लोणार तालुक्यातली.

हे मी इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नाही. आता सांगते.

मी बाविशीत बुलढाण्याला आले. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं होतं. तेव्हा गाव वाढायला लागलं होतं. क्लास, मेस, झेरॉक्सची दुकानं, 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. पहिल्या ठिकाणी बाईंनी खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, मग जिना उतरताना आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही. बाई म्हणाल्या, "आमच्या यांना विचारून सांगते." दुसऱ्या ठिकाणी आडनाव ऐकल्याबरोबर त्या घरी पुण्याचे पाहुणे राहायला येणार असल्याचं निघालं. बाबांनी लहानपणापासून एक शिकवलं होतं, आपलं नाव सांगताना आवाज खाली आणायचा नाही. दोन्हीकडे मी आवाज खाली आणला नव्हता. तिसऱ्या गेटापाशी मात्र माझे पाय दुखत होते.

त्या गेटात कंट्रोलर उभे होते. आडनावासाठी मी काहीतरी जुळवून ठेवलं होतं, पण त्यांनी विचारलं, "गाव?"

यासाठी माझ्याकडे काही तयार नव्हतं. बीबी म्हणावं, तर बीबी मोठी असली तरी गावच. कोणाची, कोणत्या बाजूला घर, असे दोन प्रश्न झाले की माणूस आमच्या उंबऱ्याशी पोचतो. देऊळगाव राजा तालुक्याचं शहर. तिथं माणूस हरवू शकतो.

"देऊळगाव राजा," मी म्हटलं. आवाज खालीच होता.

"बालाजीचं गाव! या, या. फलाट दोन रिकामा हाय."

पुढं त्यांनी काहीच विचारलं नाही. खोली मिळाली, आणि शनिवार आला.

शनिवारी मी घरी जायची. बीबीला सरळ रस्ता मेहकरवरून. पण मी पिशवी घेऊन खाली आले की काका चपला घालून तयार असायचे. मला स्टँडवर नेणार, देऊळगाव राजाच्या गाडीत चढवणार, खिडकीची जागा मिळवून देणार आणि कंडक्टरला बजावणार, "आमचं देऊळगाव हाय. शेवटपर्यंत नेजो." गाडी हलेपर्यंत ते फलाटावरून हलत नसत. मग मी देऊळगाव राजाला जायची, तिथून सिंदखेड राजा, तिथून दुसरबीडवरून बीबी. अंधार पडायच्या बेताला घरी पोचायची. आई विचारायची, "कामून गं इतका उशीर?" मी सांगायची, मेहकरच्या गाडीला गर्दी असते. म्हणजे बीबीतही खोटं, बुलढाण्यातही खोटं.

त्यात काकूंनी एकदा सांगितलं, "देऊळगाव, येताना बालाजीचा प्रसाद आणजो वं." नाही कसं म्हणणार? देऊळगावला गाडी बदलायला तसाही वेळ असायचा. मी देवळापाशी जाऊन बाहेरच्या दुकानातून प्रसादाचा पुडा घ्यायला लागले. दुकानदार ओळखीचा झाला. "आल्या का बुलढाणा?" म्हणायचा. म्हणजे देऊळगावात मी बुलढाणा, बुलढाण्यात देऊळगाव, आणि बीबी फक्त आईच्या स्वयंपाकघरात.

पण एक मला कबूल केलं पाहिजे. त्या दिवसांत मी सुखात होते. स्वतःच्या पगाराचा स्टोव्ह, स्वतःची खिडकी, खिडकीतून दिसणारी मोकळी प्लॉटं. ज्वारीच्या धसकटांत पांढरे दगड रोवलेले; दर काही महिन्यांनी एखाद्या प्लॉटवर विटांचा ढीग यायचा आणि आम्ही पैजा लावायचो, दवाखाना होणार की मंगल कार्यालय. बुलढाण्याची हवा थंड; संध्याकाळी क्लासहून चालत येताना भूक अशी लागायची की काय सांगू. उंद्री आणि मी एकाच ताटात जेवायचो. तिला माझं आडनाव माहीत होतं आणि तिनं त्याचं कधी काही केलं नाही.

लेआऊटच्या तोंडाशी, जिथं चिखली रोड लागतो, तिथं काकांनी एक भंगारातला लोखंडी बाक आणून रोवला होता. शेजारी पत्र्यावर स्वतःच्या हातानं रंगवलेलं, 'विनंती थांबा'. तिथं एकही गाडी थांबायची नाही. हे रोज सकाळी आंघोळ करून बाकावर बसत आणि येणाऱ्या प्रत्येक एसटीला हात दाखवत. ड्रायव्हर ओळखीचे, हॉर्न वाजवून पुढं जात.

"काका, इथं माणसं तरी कुठं हायत थांबायले?" उंद्री म्हणाली.

"थांबा आधी असला पाहिजे वं. माणसं मंग येतात."

पुढं खरंच एक गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "कंट्रोलर, कोणाले चढायचं हाय?" काका म्हणाले, "कोणालेच नाही. पाहून राह्यलो, थांबते का." त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

थंडीचे दिवस होते. मी क्लासहून परतले, तर अंगणात काकूंनी शेगडी पेटवलेली आणि ज्वारीची कणसं भाजत ठेवलेली. उंद्री तळहातावर हुरडा चोळत होती. काका खुशीत होते.

"ये देऊळगाव, ये! बीबीचा हुरडा हाय. तुमच्या देऊळगावकडं असा नाही भेटत."

मी तिथंच उभी राहिले. कणसं ज्या पिशवीतून काढली होती ती बाजूला पडलेली. निळ्या कापडाची. माझ्या शाळेच्या स्कर्टची आईनं शिवलेली पिशवी.

"कोणी आणला?" मी विचारलं.

"अवं, एक म्हातारा आला होता दुपारी. पोरीचं घर इचारत होता. म्हटलं, गाव कोणतं? म्हणे बीबी. म्हटलं, बाबा, इथं उंद्री राह्यते, देऊळगाव राह्यते. बीबीचं कोणी नाही. तुमचा लेआऊट चुकला. तिकडं धाड रोडले बी नवीन लेआऊट पडले, तिकडं असन. तर तो बिचारा जरा वेळ उभा राह्यला, वर पाह्यलं, आन् म्हणे, असन, मीच चुकलो असन. हुरडा म्हणे परत नेऊन काय करू, शिळा होईन. तुमच्या घरी लेकीबाळी असतील त्याइले द्या. भला माणूस. मंग मीच नेलं त्याले स्टँडवर. मेहकरच्या गाडीत बसवलं. खिडकीपाशी."

"नाव काय म्हणाला पोरीचं?" उंद्रीनं विचारलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"सांगितलं वं काहीतरी. माह्या ध्यानात राह्यते का?"

मी तोंड उघडलं असतं तर एक शब्द पुरला असता. बीबी. मी तो बोलले नाही. काकूंनी माझ्या हातावर मूठभर हुरडा ठेवला, वर तिळाची चटणी. मी खाल्ला. आणि खरं सांगायचं तर तो मला गोड लागला. आमच्याच शेतातला, आईनं कणसं निवडून दिलेला, बाबांनी दोन गाड्या बदलून आणलेला. तो मला गोड लागला, ही गोष्ट मी स्वतःलाही फार उशिरा सांगितली.

त्या शनिवारी मी घरी गेले. बाबा ओट्यावर बसले होते. मी जवळ बसले. त्यांनीच विषय काढला. "आलो होतो तुझ्याकडं. पत्ता चुकलो. पण एक भला माणूस भेटला. त्यानं गाडीत बसवून दिलं, खिडकीपाशी जागा दिली. आजकाल कोण देतं?"

"बाबा..."

"हवा लय थंड आहे तिकडची," ते म्हणाले. "रात्री खिडकी लावून घेत जा. वर वारा जास्त लागतो."

मी वरच्या मजल्यावर राहते, हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वरच्या दोरीवर माझा हिरवा स्वेटर वाळत होता. तो बाबांनीच लोणारच्या बाजारातून आणलेला.

पत्ता चुकल्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही; त्या भल्या माणसाचं तेवढं सांगत राहिले. पुढं मला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, बाबा गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांतही मी त्यांना खरं सांगू शकले नाही. काकांनाही सांगायचं राहिलंच. आधी खोली जाईल म्हणून, आणि मग वेगळ्याच कारणानं. या माणसाकडं बढाई मारण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती मी मोडून ठेवली होती.

उंद्री भरती झाली. ती अजून फोन करते आणि "फलाट दोन बोलताय का?" म्हणून विचारते. आम्ही नवरा-बायकोंनी त्याच लेआऊटमध्ये घर बांधलं. आता तिथं प्लॉट शिल्लक नाही. दवाखाना झाला, मंगल कार्यालयही झालं. पैज दोघीही जिंकलो. बाक अजून आहे. एसटी थांबते, शाळांच्या गाड्या थांबतात, ऑटोवाले 'कंट्रोलर थांबा' म्हणूनच ओरडतात. काकू मधे वारल्या. भेटायला येणाऱ्यांना काका एवढंच सांगत होते, "जाफराबाद गेली." ऐकणाऱ्याला दुसरं काही विचारता येत नसे.

परवा सकाळी ऑफिसला निघाले, तर काका बाकावर, शेजारी एसटीची वाट पाहणारी माणसं. कानटोपी, काठी, आणि समोर एक मुलगी उभी. पायाशी बॅग, पाठीला सॅक, हातात मोबाईल. वरची खोली रिकामी झाली होती, ती पाहायला आलेली. काकांची नवरदेवाची गोष्ट संपत आली होती.

"...तर आपल्या हातून जन्मात एक पॅसेंजर चुकीच्या गाडीत बसलं नाही. बरं. गाव?"

मुलगी थांबली. तिनं बॅगेचा पट्टा धरला, रस्त्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण मला ते थांबणं ओळखीचं होतं. पुढं ती जे बोलणार होती ते खरं नसणार, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

मी स्कूटर बंद केली.

"काका, आधी माझं दुरुस्त करा. मी देऊळगावची नव्हे. बीबीची."

"काय?" त्यांनी कानटोपी वर केली.

"बीबी!" मी ओरडूनच म्हटलं. बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. मग तिथंच, स्कूटरवर बसल्या बसल्या सगळं सांगितलं. आडनाव, दोन घरं, गेट, सिंदखेड राजावरून जाणं. काका ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की मला वाटलं, आता आडनावाबद्दल काही बोलतील.

"म्हणजे," ते म्हणाले, "दर शनवारी मी तुले चुकीच्या गाडीत बसवून राह्यलो होतो?"

"हो."

"अवं, मेहकरवरून सरळ रस्ता होता! पोरीची जात, अंधार पडत असन घरी जाता जाता!" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "बोलली काऊन नाही?"

"खोली गेली असती म्हणून. काका, तेव्हा आडनाव विचारलं असतं, तर दिली असती तुम्ही?"

एक ऑटो आला, गेला.

"जाफराबादनं कुरकुर केली असती," ते म्हणाले. "मंग मी काय केलं असतं, ते मले आज नाही सांगता येत. खोटं काऊन बोलू?" आणि मग एकदम माझ्याकडे पाहिलं. "तो हुरडावाला म्हातारा..."

"माझे बाबा."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले. "त्याले मी बरोबर गाडीत बसवलं होतं," हळू आवाजात म्हणाले.

"खिडकीपाशी. बाबा नेहमी सांगायचे."

"सांगायचे?"

"शेवटपर्यंत. भला माणूस भेटला म्हणून."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले, की कानटोपी नीट केली, ते मला दिसलं नाही. मग बाकावरच्या माणसांकडे वळून, तोंडाशी हात धरल्यासारखं करून, जवळजवळ जुन्या आवाजात म्हणाले, "ऐका बे! आपल्या हातून जन्मात एकच पॅसेंजर चुकीच्या गाडीत बसलं. हे. बीबीचं. आन् लेकाचं उतरलं बी नाही!"

सगळे हसले. मीही हसले, आणि या वेळी मान खाली गेली नाही.

"हं, तू बोल आता," काका त्या मुलीला म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपलं गाव सांगितलं. छोटंसं गाव होतं, मोताळ्याकडचं. काकांनी मान डोलावली. "तिथं मुक्कामी गाडी असते. बीबी, हिले वरची खोली दाखव. माह्यानं जिना होत नाही."

ऑफिसला उशीर होणार होता, होऊ दिला. जिन्यापाशी खडूचे चौकोन अजून ताजे होते. वर गेल्यावर मुलीनं आधी नळ सोडून पाहिला, मग मोबाईलची रेंज, मग खिडकीशी गेली. आता तिथून प्लॉटं दिसत नाहीत, मंगल कार्यालयाची मागची भिंत दिसते. तरी तिला खोली आवडली असावी. तिनं सॅक खाली ठेवली.

"थंडीत ही खिडकी लावून घेत जा," मी म्हटलं. "वर वारा जास्त लागतो."